मुलांना मदत करायची, पण कशात?

प्रश्न : नववीला इतिहास शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. 'दुसरे महायुद्ध' या विषयावर प्रत्येक मुलाने सहा आठवड्यांत स्वतंत्रपणे प्रकल्प करावा, अशी त्यांच्या शाळेची अपेक्षा आहे. गेल्या वर्षी त्यांनी मुद्दे, पुस्तके, संकेतस्थळे सगळे काढून दिले. तेव्हा ३२ प्रकल्प आले आणि ते एकमेकांच्या प्रती वाटाव्यात इतके सारखे होते. यंदा त्यांनी ठरवून काहीच मदत केली नाही. पहिला मसुदा आला तेव्हा निम्म्या मुलांनी विश्वकोशातला मजकूर जसाच्या तसा उतरवला होता, काहींनी चॅटबॉटकडून लिहून आणला होता आणि दोन-तीन वह्या तर सरळ पालकांच्या अक्षरात होत्या. एका मुलाला रणगाडे आणि हिटलर यांच्यापलीकडे काही सुचत नाही. एक मुलगी आपल्या पणजोबांवर लिहायचे म्हणते. ते युद्धावर गेले आणि परत आले नाहीत. घरात त्यांचा गणवेशातला एक फोटो आणि ताऱ्याच्या आकाराचे एक पदक आहे, आणि 'ब्रह्मदेशात गेले' एवढेच सगळे सांगतात. "या विषयाचे माझे स्वतःचे वाचन पाठ्यपुस्तकाच्या फार पुढे नाही. मदत केली तर प्रकल्प माझा होतो, नाही केली तर कोणाचाच होत नाही. आता मुलांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची आहे. मी नेमके काय करू, आणि त्या मुलीला हो म्हणू का?" असे त्या विचारतात.

उत्तर :

प्रिय बाई,

'मदत केली तर प्रकल्प माझा होतो, नाही केली तर कोणाचाच होत नाही' हे तुमचे वाक्य मी पुन्हापुन्हा वाचले, कारण तुमची सगळी अडचण त्यात आहे आणि ती जिथून सुरू होते ते गृहीतकही त्यातच आहे. मदत ही नळाच्या पाण्यासारखी कमी-जास्त सोडण्याची गोष्ट आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. गेल्या वर्षी नळ पूर्ण सोडलात, यंदा पूर्ण बंद केलात, आणि दोन्ही वेळा निराशा पदरी आली. मदत किती करायची हे ठरवण्याआधी ती कशात करायची हे ठरवावे लागते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे गेल्या वर्षी तुमची मदत नेमक्या उलट जागी गेली. मुलांनी स्वतः धडपडायला हवे होते तिथे, म्हणजे काय वाचायचे आणि काय लिहायचे यात, तुम्ही त्यांना सगळे हातात दिलेत. आणि चौदा वर्षांच्या मुलाला एकट्याने जमणेच शक्य नाही तिथे, म्हणजे एवढ्या अफाट विषयातून एक प्रश्न वेगळा काढण्यात आणि समोर आलेल्या मजकुरावर शंका कशी घ्यावी हे शिकण्यात, तो एकटा राहिला. यंदा तर तो दोन्हीकडे एकटा होता.

मुलांनी मजकूर उतरवला याचा दोष तुम्ही त्यांच्या आळसाला दिला आहे. आळस असेलही थोडा, पण तुम्ही त्यांना दिलेले काम एकदा त्यांच्या बाजूने पाहा. 'दुसरे महायुद्ध' या शब्दांना उत्तर नसते, त्यांच्यावर फक्त माहिती असते. आणि ती माहिती कोणीतरी आधीच नीट, मुद्देसूद, बिनचूक लिहून ठेवलेली असताना एखाद्या मुलाने ती स्वतःच्या कच्च्या शब्दांत पुन्हा का लिहावी, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मलाही देता येत नाही. अशा कामात उतरवून काढणे हाच शहाणपणा ठरतो. ज्या प्रश्नाचे तयार उत्तर एका जागी सापडत नाही तो प्रश्न हाती असला, की उतरवायला काही उरत नाही.

म्हणून तुमच्या मदतीचा पहिला आणि सर्वांत मोठा वाटा प्रश्न घडवण्यात खर्च करा, आणि त्यासाठी सहापैकी पहिला आठवडा पूर्ण द्या. घाई वाटली तरी द्या. एक उदाहरण सांगते. 'युद्धातील मुले' हा विषय एखादी मुलगी घेऊन आली, तर तो अजून फार मोठा आहे. तिला विचारा, कुठली मुले? समजा तिने ब्रिटनमधली मुले म्हटले. तिथे १ सप्टेंबर १९३९ पासून तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना मोठ्या शहरांतून ग्रामीण भागांत हलवले गेले. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती आणि ती आईवडिलांशिवाय गेली होती. एवढे वाचून ती 'मुलांचे स्थलांतर' असे शीर्षक लिहून मोकळी होईल, आणि नेमके तिथेच तुम्ही थांबवायचे. तिला पुढची एकच गोष्ट सांगा, की जानेवारी १९४० पर्यंत यांतले जवळजवळ निम्मे लोक घरी परतले होते, जेव्हा युद्ध तर संपलेले नव्हतेच, शहरांवरची मोठी बाँबफेकही सुरू झालेली नव्हती; ती त्या वर्षीच्या सप्टेंबरात सुरू झाली. मग ती मुले परत का आली? हा प्रश्न तिचा झाला, की तिला पालकांची पत्रे, यजमान कुटुंबांच्या तक्रारी, सरकारी पत्रके, नंतर लिहिलेल्या आठवणी असे निरनिराळे साहित्य शोधावेच लागेल, आणि ते सगळे एकच उत्तर देणार नाही.

प्रश्न पक्का झाला का, हे तपासायला मी तीन गोष्टी विचारते. उत्तर एका ओळीत देता येते का? येत असेल तर तो संशोधनाचा प्रश्न नाही, ती प्रश्नमंजूषा आहे. त्याचे उत्तर शोधायला लागणारे किमान तीन वेगळ्या प्रकारचे साहित्य या मुलाच्या आवाक्यात, त्याला वाचता येणाऱ्या भाषेत आहे का? आणि उत्तर अजून त्याला स्वतःला ठाऊक नाही, हे खरे आहे का? हा तिसरा मुद्दा आपण फार विसरतो. उत्तर ठरवून पुरावे गोळा करायला निघालेले मूल वकिली करते, आणि युद्धाच्या इतिहासात वकिली करणाऱ्यांची मोठ्यांमध्येच इतकी गर्दी आहे, की मुलांनी त्यात भर घालायला नको.

तुमचे वाचन पाठ्यपुस्तकापुढे नाही, याची तुम्हाला लाज वाटते असे पत्रावरून जाणवले. मला यात अडचण दिसत नाही, उलट थोडी सोय दिसते. ज्या शिक्षकाला सगळी उत्तरे ठाऊक असतात त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मुले उत्तर बरोबर की चूक ते ओळखतात, आणि तिथेच त्यांचा शोध संपतो. तुम्ही 'मलाही माहीत नाही, चल पाहू' असे म्हणालात, तर ते कसे पाहायचे हे त्यांना दिसेल. मात्र एक करा : या विषयातल्या दोन-चार जागा तुम्ही स्वतः नीट पायाखाली घाला आणि त्या वर्गात सगळ्यांसमोर उलगडून दाखवा, म्हणजे शंका घेणे म्हणजे काय याचा नमुना मुलांना मिळेल. माझ्या अनुभवात जे तास उपयोगी ठरले त्यांपैकी काही इथे सविस्तर सांगते, कारण हीच मदत अशी आहे जी कितीही केली तरी प्रकल्प तुमचा होत नाही.

पहिल्या तासाला फळ्यावर एकच प्रश्न लिहा : दुसरे महायुद्ध कधी सुरू झाले? मुले एका सुरात १ सप्टेंबर १९३९ म्हणतील, जर्मनीने पोलंडवर हल्ला केला तो दिवस. मग सांगा, की चीनमध्ये जपानशी पूर्ण युद्ध पेटले ते ७ जुलै १९३७ रोजी मार्को पोलो पुलापाशी झालेल्या चकमकीनंतर, आणि तिथल्या माणसाला १९३९ ही सुरुवात मानण्याचे काही कारण नव्हते. अमेरिकेसाठी ते युद्ध ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर आले. सोव्हिएत संघात ज्याला 'महान देशभक्तिपर युद्ध' म्हणत, ते २२ जून १९४१ पासून मोजले जाई. आणि तसे मोजले, की १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा स्वतःच पूर्व पोलंडमध्ये शिरल्या होत्या ही गोष्ट आपोआप हिशेबाबाहेर राहते. चारही तारखा खऱ्या आहेत. त्यांतली कोणती 'सुरुवात' म्हणून निवडायची, यात मात्र कोणीतरी बसून काहीतरी ठरवलेले आहे. चाळीस मिनिटांत मुलांना एवढे समजले, तर पाठ्यपुस्तकाच्या कुठल्याही वाक्याकडे ती पूर्वीसारखी पाहणार नाहीत.

दुसरा तास छायाचित्राचा ठेवा, कारण मुलांचा फोटोवर फार विश्वास असतो. बर्लिनमधल्या राइशटागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, इमारतीवर सोव्हिएत सैनिक लाल झेंडा लावत आहेत, हे जगप्रसिद्ध छायाचित्र त्यांना दाखवा आणि त्यात काय दिसते ते प्रत्येकाला लिहू द्या. विजयाचा क्षण, असे सगळे लिहितील. मीही माझ्या सुरुवातीच्या वर्षांत वर्गात ठामपणे तसेच सांगत असे. पुढे कळले, की येवगेनी खाल्देई या छायाचित्रकाराने ते २ मे १९४५ रोजी मुद्दाम जुळवून घेतले होते, आणि त्या इमारतीवर पहिला झेंडा लागला तो दोन दिवस आधी, रात्रीच्या अंधारात, जेव्हा फोटो निघणे शक्यच नव्हते. प्रसिद्ध करण्याआधी त्यात धूर गडद केला गेला आणि एका सैनिकाच्या मनगटावरचे घड्याळ खोडून टाकले गेले, कारण दोन मनगटांवर दोन घड्याळे दिसली तर लुटीची शंका आली असती. आता मुलांना विचारा, हे छायाचित्र खोटे आहे का? इथे वर्गात भांडण होईल, ते होऊ द्या. झेंडा कसा लागला याचा पुरावा म्हणून ते कच्चे आहे, पण आपला विजय जगाला कसा दिसावा असे त्या राज्यकर्त्यांना वाटत होते याचा त्याहून चांगला पुरावा मिळणार नाही, इथपर्यंत मुले स्वतः आली तर तुमचे काम झाले.

आपल्या हातून काही नवे कुठले सापडणार, असे एखादा मुलगा म्हणाला, तर त्याला पॅसिफिक महासागरातल्या इवो जिमा बेटाची गोष्ट सांगा. तिथे २३ फेब्रुवारी १९४५ रोजी सहा अमेरिकी सैनिक झेंडा उभारतानाचे छायाचित्र निघाले, आणि ते सहा जण कोण, याची नावे अनेक दशके सर्वमान्य होती. काही हौशी अभ्यासकांनी त्या दिवशीच्या इतर छायाचित्रांशी गणवेश आणि साहित्याचे बारकावे ताडून पाहिले, आणि त्यातून अमेरिकी मरीन दलाला २०१६ आणि २०१९ मध्ये नावे दुरुस्त करावी लागली. त्यासाठी मुख्यतः चिकाटी आणि डोळे लागले.

आकड्यांसाठी वेगळा तास लागेल. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी ड्रेस्डेन शहरावर बाँबफेक केली, तिच्यात किती माणसे मेली? मुले शोधतील तेव्हा त्यांना २५,००० पासून दोन लाखांच्या वरपर्यंत आकडे सापडतील, आणि ती गोंधळून सरासरी काढायला निघतील. (खरेच काढतात, मी पाहिले आहे.) मोठ्या आकड्यामागे एक खोटा दस्तऐवज होता : मूळ पोलिसी अहवालात मृतांची संख्या २०,२०४ होती, आणि प्रचारासाठी फिरवलेल्या प्रतीत तिच्यापुढे एक शून्य चढवून ती २,०२,०४० करण्यात आली होती. ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये मृतांचा आकडा जास्तीत जास्त २५,००० असल्याचा निष्कर्ष दिला. मात्र आकडे वेगळे असले म्हणजे कोणीतरी खोटे बोलत आहे, असा धडा मुलांनी यातून घेऊ नये म्हणून त्याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसे दगावली असे सरकारी चौकशी आयोगाने १९४५ मध्ये म्हटले, तर पुढच्या काही अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांच्या आसपास जातात. इथे शून्य कोणी चढवलेले नाही. मृत्यूंची नोंदच अपुरी होती, उपासमारीनंतर रोगराईत गेलेल्यांना कोणत्या वर्षापर्यंत धरायचे यावर मतभेद होता, आणि आयोग सरकारने नेमलेला होता हेही लक्षात ठेवावे लागते. एकच नियम मुलांना द्या : वहीत आकडा लिहिला, की तो कोणी, कधी आणि कशावरून मोजला हे शेजारी लिहायचे; लिहिता येत नसेल तर आकडा वापरायचा नाही.

जे छापलेच गेले नाही तेही पुराव्यात धरावे लागते, हे मुलांना समजायला सर्वांत अवघड जाते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले. त्याची तपशीलवार बातमी जगाला दुसऱ्याच दिवशी सांगितली ती जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. इथल्या बातमीदारांना मात्र युद्धकालीन निर्बंधांमुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वाट पाहावी लागली. एखाद्या मुलाने त्या एप्रिलची वर्तमानपत्रे चाळून 'काही विशेष घडले नसावे' असे लिहिले, तर ते किती साहजिक ठरेल आणि किती चूक! सैनिकांच्या पत्रांचेही असेच. ती अधिकाऱ्याच्या नजरेखालून जात, त्यामुळे 'मी ठीक आहे, काळजी करू नका' या ओळीत लिहिणारा, त्याची आई आणि पत्र तपासणारा असे तिघे हजर असतात. रोजनिशीसुद्धा वाटते तितकी खासगी नसते. अ‍ॅन फ्रँक या नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीने २८ मार्च १९४४ रोजी रेडिओवर डच मंत्र्याचे भाषण ऐकले, त्यात युद्धकाळातल्या रोजनिशा आणि पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन होते, आणि त्यानंतर तिने आपली वही प्रकाशनाच्या विचाराने स्वतःच पुन्हा लिहायला घेतली. यामुळे तिचे मोल कमी होत नाही. ती कोणासाठी लिहीत होती, हा प्रश्न मात्र विचारायला हवा.

आता व्यवस्थेबद्दल, जिच्याविषयी माझी मते जरा हट्टी आहेत. प्रत्येक मुलाला एक शोधवही करायला लावा. डाव्या पानावर साहित्यात काय म्हटले आहे ते, कुठे सापडले त्यासह लिहायचे. उजव्या पानावर त्याला स्वतःला काय वाटले, काय पटले नाही, पुढे काय शोधायचे, हे लिहायचे. ही वही शाळेतच राहील आणि शाळेतच लिहिली जाईल, घरी जाणार नाही; पालकांच्या अक्षराचा प्रश्न तिथेच मिटतो, आणि कोणाशी वादही घालावा लागत नाही. एकूण गुणांपैकी निम्मे गुण या वहीला द्या आणि हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. सजवलेल्या मुखपृष्ठाला एकही गुण देऊ नका, हेही जाहीर करा. मुले नाराज होतील, पण लवकर सावरतील.

३२ मुलांशी प्रत्येकी बोलायला वेळ कुठून आणू, असे तुम्ही म्हणाल. चार-चार मुलांचे आठ गट करा, ज्यांचे विषय एकमेकांच्या जवळचे असतील असे. साहित्य गटाचे सामाईक, पण प्रश्न प्रत्येकाचा वेगळा. आठवड्यातून एकदा प्रत्येक गटाशी दहा मिनिटे बसलात, तर ८० मिनिटांत, म्हणजे दोन तासिकांत, सगळे होतात. त्या दहा मिनिटांत उत्तर देऊ नका. वह्यांची उजवी पाने वाचा आणि 'हे तुला कशावरून वाटले?' एवढेच विचारा. पहिले दोन आठवडे जास्त बोला, तिसऱ्यापासून कमी बोला, पाचव्यात फक्त ऐका. शेवटी प्रत्येक मुलाला पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारा आणि त्यांत एक हमखास असू द्या : शोधताना काय टाकून दिलेस, आणि का? ज्याने स्वतः शोधले आहे तो या प्रश्नावर थांबतच नाही, आणि ज्याने उतरवले आहे त्याला पहिले वाक्यही सुचत नाही.

विश्वकोशाला आणि चॅटबॉटला बंदी घालण्याचा विचार तुमच्या पत्रात दिसतो. मी घालणार नाही, कारण ती पाळली जाणार नाही आणि मग मुले वापर लपवायला शिकतील. विश्वकोशातला लेख पहिल्या दिवशी वाचू द्या, पण त्यातून मजकुराऐवजी तळाशी दिलेल्या पुस्तकांची आणि लेखांची नावे उचलायला सांगा. चॅटबॉट फार आत्मविश्वासाने अस्तित्वातच नसलेली पुस्तके आणि पृष्ठक्रमांक सांगतो, हे वर्गात एकदा करून दाखवा. त्याने दिलेली पाच पुस्तके ग्रंथालयाच्या सूचीत शोधायला लावा, मुलांची करमणूकही होईल. नियम मात्र कडक ठेवा : जे पान मुलाने स्वतः उघडून पाहिलेले नाही ते त्याच्या साहित्यात धरले जाणार नाही, मग ते कोणीही सुचवलेले असो. त्या काळची वर्तमानपत्रे हवी असतील आणि इंग्रजी जमत असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे 'पेपर्स पास्ट' ही दोन्ही संकेतस्थळे मोफत आहेत. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमने छायाचित्रे, भित्तिपत्रके आणि ध्वनिमुद्रित मुलाखतींचा मोठा साठा खुला केला आहे.

रणगाड्यांच्या मुलाला 'हा विषय नको' असे सांगू नका. त्याची आवड खरी आहे, आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांकडे तेवढीही नाही. त्याला एवढेच सांगा, की २२ जून १९४१ रोजी सोव्हिएत संघावर चालून गेलेल्या जर्मन सैन्याबरोबर सहा लाखांच्या वर घोडे होते. तो आधी विश्वास ठेवणार नाही. मग विचारा, ज्या सैन्याच्या रणगाड्यांचे तुला एवढे कौतुक आहे त्याला घोडे का लागले? इंधन, रस्ते, रेल्वेच्या रुळांची रुंदी, चारा, चिखल आणि हिवाळा असे करत तो त्या युद्धाच्या फार आत जाईल, आणि प्रचारपटांनी दाखवलेली यंत्रांची अजिंक्य सेना व प्रत्यक्षातली घोडागाड्यांची सेना यांतले अंतर त्याचे त्यालाच दिसेल. हिटलरविषयीचे आकर्षण उपदेशाने जात नाही. पण ज्या माणसांचे त्या राजवटीने काय केले त्यांच्यापैकी एका माणसाचा, एका कुटुंबाचा माग त्याच्या प्रकल्पात कुठेतरी यायला हवा, असे तुम्ही आवर्जून म्हणा. छळछावण्यांची भीषण छायाचित्रे मात्र वर्गात सर्रास फिरू देऊ नका, आणि 'तुम्ही त्या छावणीत आहात असे समजून लिहा' असली नाट्ये तर अजिबात करू नका. त्यातून मुलांना समज येत नाही, आणि ज्यांनी ते भोगले त्यांचा त्यात मान राहत नाही.

आता त्या मुलीविषयी. माझे उत्तर हो आहे, पण तिला हो म्हणण्याआधी तिच्या आईवडिलांशी बोला. घरातल्या मृत्यूचा शोध घेताना काय हाती लागेल हे आधी सांगता येत नाही. पणजोबा लढाईऐवजी आजाराने गेले असे कळेल, किंवा घरात वर्षानुवर्षे सांगितलेली गोष्ट तारखांशी जुळणार नाही. घरच्यांना हे चालणार आहे का, आणि मधेच थांबावेसे वाटले तर गुण न गमावता विषय बदलता येईल हे मुलीला माहीत आहे का, एवढे पक्के करा.

मग तिला पदकाकडे पाठवा. ताऱ्याच्या आकाराचे ते पदक बहुधा ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या सैन्याला दिलेल्या मोहीमपदकांपैकी असेल, आणि त्याच्या पुढच्या बाजूला इंग्रजीत मोहिमेचे नाव असते. 'बर्मा स्टार' असेल, तर ते ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातल्या सेवेचे. 'आफ्रिका स्टार' असेल, तर १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळातले, आणि मग 'ब्रह्मदेशात गेले' या वाक्याकडे पुन्हा पाहावे लागेल, कारण माणूस दोन्हीकडे गेलेला असू शकतो आणि घरात एकच आठवण उरलेली असू शकते. पदकाच्या मागच्या बाजूला सैनिकाचा क्रमांक, नाव आणि तुकडी कोरलेली आहे का, ते भिंगातून पाहायला सांगा. पदक घासूनपुसून चकचकीत करू नये, हे आधी सांगा. उत्साहाच्या भरात अक्षरे पुसट होतात.

तुकडी किंवा क्रमांक मिळाला, की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरची मोफत सूची उघडा. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धासाठी त्यांत ३ सप्टेंबर १९३९ पासून ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू येतात. नोंदीत हुद्दा, तुकडी, मृत्यूची तारीख, स्मारकाचे ठिकाण, आणि काही वेळा वडिलांचे व गावाचे नावही सापडते. मृत्यूचे कारण तिथे सहसा नसते, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. नाव एकदा शोधून 'सापडले नाही' म्हणत थांबू नका. ते कोणा कारकुनाने ऐकून इंग्रजीत लिहिलेले आहे. एकाच नावाची पाच-सहा स्पेलिंगे करून पाहावी लागतील, आडनावाऐवजी वडिलांचे नाव लावलेले असेल, कधी नुसतेच एक नाव असेल. ब्रह्मदेशात ज्यांची कबर सापडली नाही अशा जवळजवळ २७,००० जणांची नावे रंगूनजवळच्या टाउक्यान येथील स्मारकावर आहेत. ती यादी तिला चाळावी लागण्याची शक्यता बरीच आहे.

घरातल्या मोठ्यांच्या मुलाखतीही तिने घ्याव्यात, पण काय विचारायचे ते बदलून. १९४५ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी पार करून गेलेले आहे, तेव्हा युद्ध आठवणारे फार थोडे उरले आहेत. त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना युद्ध आठवत नाही, पण घरात त्याच्याविषयी काय बोलले जाई आणि काय बोलले जात नसे, हे पक्के आठवते. 'पणजोबांचे काय झाले?' यापेक्षा 'ते गेल्याचे घरी कसे कळले, असे तुम्हाला कोणी सांगितले?' हा प्रश्न जास्त काही देऊन जातो. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे, समोरचा गप्प बसला तर आपणही गप्प बसावे, आणि तारीख चुकलेली दिसली तरी तिथल्या तिथे दुरुस्त करू नये. आठवण डाव्या पानावर जशीच्या तशी, शंका उजव्या पानावर.

सहा आठवड्यांत तिला पणजोबा सापडतील, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पदकावर नाव नसेल, सूचीत एकाच नावाचे अकरा जण निघतील आणि कोणते आपले हे ठरवता येणार नाही, असे पुष्कळदा होते. अशा वेळी कुठे शोधले, कोणत्या स्पेलिंगने शोधले, कोणती नोंद जवळची वाटली आणि ती आपलीच असे का म्हणता येत नाही, हे तिने एका पानावर लिहावे. आणि गुण देताना ते पान पणजोबा सापडलेल्या प्रकल्पाच्या बरोबरीने तपासायचे, हे बाई, तुम्ही तिला आजच सांगून ठेवा.